बशी उलटी करून पाहा: ब्रिटिश मॉडर्निस्ट कलावस्तूंचा संग्रह कसा सुरू करावा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली ब्रिटिश मॉडर्निस्ट कला आवडू लागली की पहिला धक्का बसतो तो किमतीचा. बेन निकल्सन, पॉल नॅश, व्हेनेसा बेल यांचं एखादं बऱ्यापैकी तैलचित्र घ्यायचं तर नोकरदार माणसाची आयुष्याची शिल्लक पुरत नाही. म्हणून पुष्कळ जण संग्रहालयात पाहून समाधान मानतात आणि विषय सोडून देतात. माझं म्हणणं असं की विषय सोडू नये, दार बदलावं. या काळातल्या ब्रिटिश चित्रकारांनी कॅनव्हासवर जेवढं काम केलं तेवढ्याच मनापासून बशा, कप, पडद्यांचं कापड, गालिचे, पुस्तकांची वेष्टनं आणि भुयारी रेल्वेची पोस्टरं केली. कलेत वरची आणि खालची पंगत मानायची नाही, हा त्यांच्यातल्या अनेकांचा आग्रहच होता. ज्यांची चित्रं आपल्याला परवडत नाहीत, त्यांच्याच पिढीचं, कधी कधी त्यांच्याच हातचं काम एखाद्या कपावर किंवा छापचित्रात आपल्या घरी येऊ शकतं.

याचा सगळ्यात चांगला पुरावा 1934 सालचा आहे. त्या वर्षी लंडनच्या हॅरॉड्स या मोठ्या दुकानात ‘मॉडर्न आर्ट फॉर द टेबल’ नावाचं प्रदर्शन भरलं. व्हेनेसा बेल, डंकन ग्रँट, लॉरा नाइट, पॉल नॅश, बेन निकल्सन, बार्बरा हेपवर्थ, ग्रॅहम सदरलँड यांनी चहाच्या आणि जेवणाच्या भांड्यांसाठी नक्षी काढून दिली होती, आणि मातीच्या भांड्यांवर ती उतरवण्याचं काम क्लॅरिस क्लिफ या भांड्यांच्या डिझायनरच्या देखरेखीखाली झालं. विक्रीच्या दृष्टीने प्रयोग फसला, म्हणून ती भांडी आज दुर्मीळ आहेत. पण चित्रकार आणि कारखाना एका टेबलाशी बसले होते, एवढं त्यातून कळतं, आणि नवख्या संग्राहकाला तेवढं पुरेसं आहे.

आधी काळाचा आराखडा डोक्यात बसवा

खरेदीच्या आधी महिनाभर वाचन आणि पाहणं यासाठी ठेवा. सनावळी पाठ करायची गरज नाही, पण चार-पाच खुंट्या ठोकून ठेवाव्यात. 1910 च्या नोव्हेंबरात रॉजर फ्राय या कलासमीक्षकाने लंडनच्या ग्राफ्टन गॅलरीत एदुआर माने आणि त्याच्या नंतरच्या फ्रेंच चित्रकारांचं प्रदर्शन भरवलं, आणि लंडनमध्ये खळबळ उडाली. 1911 मध्ये वॉल्टर सिकर्ट या चित्रकाराभोवतीचे सोळा चित्रकार, सगळे पुरुष, कॅम्डन टाउन ग्रुप म्हणून एकत्र आले. भाड्याच्या खोल्या, लोखंडी पलंग, खिडकीतून येणारा मळकट उजेड हे त्यांचे विषय. 1913 च्या जुलैत फ्रायने फिट्झरॉय स्क्वेअरच्या 33 नंबरच्या घरात ओमेगा वर्कशॉप्स काढलं. तिथे खुर्च्या, पडदे, गालिचे, भांडी चित्रकारच रंगवायचे. त्याच वर्षी विंडम लुइस फ्रायशी भांडून बाहेर पडला आणि पुढच्या वर्षी त्याने व्हॉर्टिसिझमचा, म्हणजे यंत्रयुगाच्या टोकदार, कोनाकोनांच्या कलेचा झेंडा उभारला. मग महायुद्ध आलं. 1919 मध्ये ओमेगा बंद झालं. 1920 मध्ये बर्नार्ड लीच आणि जपानी शोजी हमादा या कुंभारांनी कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्जला भट्टी लावली. 1930 च्या दशकात आर्किटेक्ट मंडळींचा, प्लायवूडचा आणि बेकेलाइट या सुरुवातीच्या प्लॅस्टिकचा जमाना आला. वेल्स कोट्सने डिझाइन केलेली लंडनमधल्या लॉन रोडची सदनिकांची इमारत आणि त्याचाच एको कंपनीसाठीचा गोल रेडिओ, दोन्ही 1934 चे.

या आराखड्याचा उपयोग असा की विक्रेता कुठल्याही वस्तूला ‘आर्ट डेको’ किंवा ‘ब्लूम्सबरी’ म्हणतो तेव्हा ती वस्तू कुठल्या खुंटीला अडकते हे आपल्याला विचारता येतं. ब्लूम्सबरी म्हणजे बेल, ग्रँट, फ्राय यांचं लंडनमधलं मित्रमंडळ. हा शब्द तर रंगवलेल्या कुठल्याही जुन्या कपाटाला चिकटवला जातो. ओमेगाच्या वस्तूंवर कलाकाराची सही नसायची, कारण वस्तू अनामिक असावी हा फ्रायचा नियम होता. फक्त ग्रीक ओमेगा अक्षराची खूण असे. सही नाही याचा फायदा नंतरच्या लबाडांनाही झाला. म्हणून सुरुवात ओमेगापासून करू नका. ते पाहायचं असेल तर लंडनच्या कोर्टॉल्ड गॅलरीत फ्रायच्या मुलीने दिलेला संग्रह आहे. ससेक्समधलं चार्ल्स्टन हे बेल आणि ग्रँट यांचं 1916 पासूनचं घर आहे, तिथे भिंती, दारं, बाथटबसुद्धा रंगवलेले आहेत.

डोळा तयार करा, तोही फुकट

इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना सोपं आहे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय आणि टेट ब्रिटन यांच्या कायमस्वरूपी दालनांना तिकीट नाही. व्ही अँड एच्या वरच्या मजल्यावरच्या सिरॅमिक दालनांत कपाटांच्या कपाटं भांडी खच्चून भरलेली आहेत. त्यातलं विसाव्या शतकाचं एकच कपाट निवडून तासभर पाहा. शक्य झालं तर स्टोक-ऑन-ट्रेंटच्या हॅन्ली भागातलं पॉटरीज म्युझियम आणि जवळच बार्लस्टनला असलेला वेजवुड या भांडी-कारखान्याचा संग्रह एका फेरीत करा. जिथे ही भांडी घडली ती गावं पाहिल्यावर बाकीचं वाचन नीट बसतं. स्टुडिओ पॉटरीची, म्हणजे कुंभाराने स्वतःच्या कार्यशाळेत हाताने घडवलेल्या भांड्यांची आवड असेल तर यॉर्क आर्ट गॅलरी चुकवू नका. यॉर्क कॅथीड्रलचे डीन एरिक मिल्नर-व्हाइट यांनी जमवलेली हमादा आणि विल्यम स्टेट मरे या कुंभारांची भांडी तिथे आहेत. केंब्रिजचं केटल्स यार्ड हे मला या सगळ्यांत अधिक जवळचं वाटतं. जिम ईड या संग्राहकाचं ते राहतं घर. निकल्सनचं चित्र, खिडकीतले गोटे आणि साधी वाडगी तिथे एकाच मानाने मांडलेली आहेत. संग्रह म्हणजे काय हे एका दुपारीत समजतं.

पुण्या-मुंबईत किंवा गोव्यात बसून हे करायचं असेल तर संग्रहालयांच्या ऑनलाइन नोंदींवर भर द्या. व्ही अँड एच्या संकेतस्थळावर बऱ्याच वस्तूंचे तपशीलवार फोटो आहेत, आणि ब्रिटनमधल्या सार्वजनिक मालकीच्या तैलचित्रांची नोंद आर्ट युके या संकेतस्थळावर आहे. शिवाय जुन्या लिलावांचे निकाल पाहण्याची सवय लावा. विक्रेत्याने मागितलेली किंमत आणि लिलावात प्रत्यक्ष मिळालेली किंमत यात पुष्कळ अंतर असतं. आपल्याला दुसरी हवी.

एकच गल्ली निवडा

नवख्याचं सगळ्यात जास्त नुकसान होतं ते थोडं थोडं सगळंच घेण्यात. एक प्लेट इकडची, एक पोस्टर तिकडचं, एक दिवा. दोन वर्षांनी घर भरतं आणि ज्ञान मात्र कुठल्याच वस्तूबद्दल पुरतं नसतं. एक कारखाना, एक डिझायनर किंवा एक तंत्र निवडा आणि वर्षभर त्यातच राहा. मी नवख्यांना चार गल्ल्या सुचवतो, आणि त्यातल्या पहिलीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे शिकलेलं बाकी सगळीकडे उपयोगी पडतं.

पहिली गल्ली क्लॅरिस क्लिफची. तिचा जन्म 1899 चा, स्टोकजवळच्या टनस्टॉलचा. ए. जे. विल्किन्सन कंपनीच्या न्यूपोर्ट पॉटरीत जुन्या, सदोष, विकल्या न गेलेल्या कोऱ्या भांड्यांचा साठा पडून होता. तिने त्यावर भडक रंगांत त्रिकोण आणि पट्टे रंगवले. दोष झाकले गेले आणि 1927 मध्ये ‘बिझार’ या नावाने माल बाजारात आला. पुढे रंगकाम करणाऱ्या मुलींची मोठी तुकडीच उभी राहिली. हे सगळं हाताने, पक्क्या झिलईवर एनॅमल रंगांनी केलेलं काम आहे, आणि तेच ओळखायला शिकायचं.

क्रोकस ही 1928 ची नक्षी हातात घ्या. सर्वांत जास्त खपलेली, 1960 च्या दशकापर्यंत चालू राहिलेली, म्हणून आजही सहज मिळणारी आणि परवडणारी. प्लेटवर नारिंगी, निळी, जांभळी फुलं आहेत. प्रत्येक पाकळी म्हणजे कुंचल्याचा खालून वर ओढलेला एकच फटकारा. रंग जिथे टेकला तिथे दाट आहे, जिथे कुंचला उचलला तिथे विरळ. मग भांडं उलटं धरून पानांच्या बारीक हिरव्या रेषा ओढल्या जात. वरचा पिवळा पट्टा म्हणजे ऊन, खालचा तपकिरी पट्टा म्हणजे माती. आता प्लेट खिडकीकडे तिरपी धरा आणि बोटाचं टोक फुलावरून हलकेच फिरवा. रंगाचा उंचवटा लागला पाहिजे. पाकळीवर कुंचल्याच्या केसांच्या रेघा दिसल्या पाहिजेत. सगळी फुलं तंतोतंत सारखी दिसली, किंवा बोटाला काहीच लागलं नाही, तर थांबा. झिलईचा रंगही पाहा. या कारखान्याच्या झिलईला मधाची छटा असते. पांढरीफटक झिलई शंका घेण्यासारखी.

मग प्लेट उलटी करा. इथे नवखे हमखास फसतात. बुडावर ‘क्लॅरिस क्लिफ’ अशी झोकदार सही दिसते. ती तिच्या हातची सही नाही, तो छापील शिक्का आहे. ज्या भांड्याला तिचा हातही लागला नव्हता अशा हजारो भांड्यांवर तो आहे. शिक्क्यावरून कारखाना आणि साधारण काळ कळतो, कलाकाराचा हात कळत नाही. शिवाय 1980 आणि 1990 च्या दशकांत मिडविंटर आणि वेजवुड यांनी तिच्या नक्षींच्या अधिकृत प्रतिकृती काढल्या. त्यांच्यावर तसं स्पष्ट छापलेलं असतं, त्यामुळे त्यात फसवणूक नाही, पण फोटोत बूड न दाखवणारा विक्रेता त्यांनाच जुनं म्हणून विकू शकतो. निव्वळ बनावट मालही आहेच. म्हणून बुडाचा फोटो मागितल्याशिवाय बोली लावायची नाही. फोटो द्यायला टाळाटाळ होत असेल तर ती खरेदी तिथेच सोडा.

सूझी कूपरची गल्ली नवशिक्यांना मी आग्रहाने सुचवतो. ग्रेज पॉटरीत शिकून तिने 1929 मध्ये स्वतःचा व्यवसाय काढला, आणि 1932 पासून तिच्या भांड्यांवर उडी मारणाऱ्या हरणाचा शिक्का दिसतो. त्याच वर्षीची ‘केस्ट्रेल’ घडण पाहा. टीपॉटची तोटी पोटातून जशी उगवते ती रेषा इतकी नितळ आहे की दुसरा टीपॉट मग ओबडधोबड वाटतो. आणि चहा ओतताना थेंब गळत नाही. क्लिफच्या तुलनेत हिचा बाजारभाव अजून नरम आहे. कप, बशी आणि छोटी प्लेट असा त्रिकूट संच एका साध्या जेवणाच्या बिलात मिळून जातो.

तिसरी गल्ली वेजवुडची, पण दोनच माणसांपुरती. कीथ मरे हा ऑकलंडमध्ये जन्मलेला वास्तुविशारद. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्याने वेजवुडसाठी नक्षी नसलेली भांडी आखली. लेथवर कोरलेल्या आडव्या खाचा आणि चमक नसलेली मॅट झिलई, बस्स. हिरवी, पांढरट, पिवळसर, आणि काळ्या बसाल्टमधली, म्हणजे झिलई नसलेल्या काळ्या कठीण मातीची, सर्वांत महाग. बुडावर त्याच्या पूर्ण सहीचा शिक्का असला तर वस्तू साधारणपणे आधीची, नुसती ‘केएम’ आद्याक्षरं असली तर नंतरची. मॅट झिलईवर चमच्यांचे करडे ओरखडे पडतात आणि ते निघत नाहीत. दुसरा माणूस एरिक रॅव्हिलियस. 1936 मध्ये त्याने आठव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाचा मग आखला. डिसेंबरात एडवर्डने राज्यत्याग केला, मग तीच नक्षी 1937 मध्ये सहाव्या जॉर्जसाठी आणि 1953 मध्ये एलिझाबेथसाठी फिरवून वापरली. रॅव्हिलियस स्वतः 1942 मध्ये आइसलँडजवळ विमान बेपत्ता होऊन गेला. म्हणजे 1953 चा मग त्याच्या मृत्यूनंतरचा. त्याच्या बऱ्याच नक्षींची भांडी युद्धानंतरच जास्त निघाली. डिझाइनचं वर्ष आणि घडणीचं वर्ष वेगळं असतं ही गोष्ट या मगांवरून कायमची लक्षात राहते. वेजवुडच्या भांड्यांवर 1930 पासून मातीत दाबलेल्या खुणांत वर्षाचे शेवटचे दोन आकडे असतात, ते भिंगातून शोधा. ‘रजिस्टर्ड नंबर’ छापलेला असला तर तो नोंदणीचं वर्ष सांगतो, भांडं त्यानंतर कितीही वर्षांनी झालेलं असू शकतं. आणि वेजवुडच्या मधे जादा ‘ई’ असेल, किंवा पुढे ‘अँड कंपनी’ असेल, तर तो दुसराच कारखाना.

चौथी गल्ली स्टुडिओ पॉटरीची. लीच आणि हमादाची सुरुवातीची भांडी महाग आहेत. हमादाने तर जपानला परतल्यावर भांड्यांवर खूण करणंच सोडलं. पण लीचकडे 1923 मध्ये आलेला मायकल कार्ड्यू पुढे 1926 मध्ये विंचकोमला गेला आणि तिथे तांबड्या मातीवर पातळ मातीच्या रंगाने रेघा ओढलेली रोजच्या वापराची भांडी करू लागला. विंचकोमचा शिक्का असलेला, कार्ड्यूचा वैयक्तिक शिक्का नसलेला एखादा वाडगा किंवा सुरई अजूनही आवाक्यात असते. सेंट आइव्ह्जची नेहमीच्या वापराची ‘स्टँडर्ड वेअर’ भांडीही तशीच, मात्र ती थोड्या नंतरच्या काळातली. ही भांडी हातात घेऊन वजन पाहावं लागतं. चांगलं भांडं दिसतं त्यापेक्षा हलकं लागतं, आणि तळाची कड कशी तासली आहे यावर कुंभाराचा हात कळतो.

मडकं वाजवून घ्या

आपल्याकडे बाजारात मडकं घेताना बोटाने वाजवून घेतात. इथेही तेच करायचं. भांडं तळहातावर सैल ठेवा आणि कडेवर नखाने टिचकी मारा. घणघण आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. जाड मातीची भांडी मुळात कमी वाजतात, म्हणून एकाच प्रकारची चार भांडी वाजवून कान तयार करा. मग कड, कपाचा कान जिथे जोडला आहे ती जागा, तोटीचं टोक आणि झाकणाची आतली कड बोटाने तपासा. टवका इथेच उडतो. दुरुस्ती केलेली जागा काचेसारखी थंड लागत नाही, किंचित कोमट आणि मऊ लागते. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च स्वस्तात मिळते. अंधाऱ्या कोपऱ्यात तिच्या उजेडात नवा रंग आणि चिकटवण जुन्या झिलईपेक्षा वेगळी उजळते. लिलावघराच्या पाहणीच्या दिवशी ही टॉर्च आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात असू द्या. कोणी हरकत घेत नाही. उलट कर्मचारी तुम्हाला गांभीर्याने घेऊ लागतात.

झिलईवरचं बारीक भेगांचं जाळं हा दोष मानू नका, या काळातल्या मातीच्या भांड्यांवर ते नेहमीचं आहे. त्यात डाग मुरले असतील तर किंमत कमी करून मागा. केसासारखी चीर असलेलं भांडं फक्त अभ्यासासाठी, आणि तेही अगदी स्वस्तात मिळालं तरच घ्या.

कागदावरची कामं

चित्रकाराच्या जवळ जायचा दुसरा मार्ग म्हणजे छापचित्रं. 1925 मध्ये लंडनच्या पिम्लिको भागात सुरू झालेल्या ग्रॉव्हनर स्कूल ऑफ मॉडर्न आर्टमध्ये क्लॉड फ्लाइट लिनोकट, म्हणजे लिनोवर कोरून छापलेली चित्रं, शिकवायचा. लिनो म्हणजे जमिनीवर अंथरायचं लिनोलियम. स्वस्त, कापायला मऊ, म्हणून सामान्य माणसाला परवडेल अशी कला यातून होईल हे त्याचं स्वप्न होतं. सिरिल पॉवर आणि सिबिल अँड्र्यूज यांनी भुयारी रेल्वे, मोटरसायकल शर्यती, नौकास्पर्धा अशा वेगाच्या विषयांवर केलेली लिनोकट आता हजारो पौंडांना जातात. ते स्वप्न किमतीच्या बाबतीत तरी टिकलं नाही याचं मला वाईट वाटतं. तरीही त्यांचं तंत्र समजून घ्या. प्रत्येक रंगाचा वेगळा ठोकळा, काळ्या बाह्यरेषेचा ठोकळा नाही, पातळ जपानी कागदावर हाताने घासून काढलेला छाप. प्रती बहुधा पन्नास-साठ, पेन्सिलीत सही आणि क्रमांक. अशा छापात शाईचा थर सपाट दिसतो, आणि कागद तिरप्या उजेडात मागून पाहिला तर घासल्याच्या खुणा दिसतात. भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ती यंत्रावर छापलेली नंतरची प्रत.

परवडणारा माल म्हणजे कमी नावाजलेल्या कलाकारांची काष्ठकोरीव छापचित्रं, 1937-38 च्या सुमारास शाळांसाठी निघालेली ‘कंटेम्पररी लिथोग्राफ्स’ (शिळाछाप चित्रं) मालिका आणि पुस्तकांतली चित्रं. त्या लिथोग्राफवर बहुतेक वेळा सही नसते, त्यामुळे सही नाही म्हणून घाबरू नका. पोस्टरं आवडत असतील तर अमेरिकेतून आलेल्या मॅकनाइट कॉफरची भुयारी रेल्वेसाठीची पोस्टरं पाहा. तिथलं नेहमीचं ‘डबल रॉयल’ माप 40 बाय 25 इंच आहे. माप कमी भरलं तर कडा कापलेल्या आहेत किंवा ती नंतरची प्रतिकृती आहे. खालच्या कडेला मुद्रकाचं नाव बारीक अक्षरांत असतं, ते शोधा.

कागद विकत घेताना फ्रेममधून काढून पाहण्याचा आग्रह धरा. कडेला तपकिरी पट्टा दिसला तर स्वस्त आम्लयुक्त पुठ्ठ्याने कागद भाजला आहे. तपकिरी ठिपके म्हणजे दमटपणाचा डाग. फ्रेमखाली झाकलेली कड उघड्या भागापेक्षा गडद असेल तर रंग उन्हाने उडालेत, आणि उडालेला रंग परत आणता येत नाही.

तैलचित्र घ्यायचंच असेल तर

मोठ्या नावांच्या मागे न लागता त्यांच्या वर्तुळातल्या, लंडन ग्रुपसारख्या प्रदर्शनांतून चित्रं मांडलेल्या, पण इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत आटोपलेल्या चित्रकारांकडे वळा. त्यांत स्त्रिया पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याकडे अजून बाजाराचं पुरेसं लक्ष गेलेलं नाही. चित्राची मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच वेळ देऊन पाहा: प्रदर्शनाचं लेबल, फ्रेमवाल्याची चिठ्ठी, कॅनव्हास विकणाऱ्याचा शिक्का, लिलावाचा खडूने लिहिलेला क्रमांक.

मात्र कागदपत्रांवर आंधळा विश्वास नको. जॉन मायट नावाच्या चित्रकाराने जॉन ड्रू या इसमासाठी बेन निकल्सनसह अनेकांच्या नावाने बनावट चित्रं रंगवली. रंग होता घराच्या भिंतींना देतात तो. तरीही ती खपली, कारण ड्रूने टेटसारख्या संस्थांच्या अभिलेखागारात घुसून जुन्या नोंदींत बनावट कागद घुसवले होते. चित्र खोटं, पण मालकीचा इतिहास तपासायला जावं तर अधिकृत फाइलमध्येच पुरावा. 1999 मध्ये दोघांना शिक्षा झाली. आल्फ्रेड वॉलिस या सेंट आइव्ह्जच्या म्हाताऱ्या दर्यावर्दीची पुठ्ठ्यावर बोटींच्या रंगाने काढलेली चित्रं दिसायला भोळी, म्हणून त्यांच्याही नकला फार. स्वस्तात वॉलिस मिळतोय असं कोणी म्हणालं तर हात जोडून निघून या.

लिलावाच्या सूचीतले शब्दही नीट वाचा. कलाकाराचं पूर्ण नाव दिलं असेल तर लिलावघर त्याच्या मते ते काम त्याचंच मानतं. ‘अ‍ॅट्रिब्यूटेड टू’ म्हणजे बहुधा त्याचं. ‘सर्कल ऑफ’ म्हणजे त्याच्या जवळच्या कोणाचं तरी. ‘मॅनर ऑफ’ म्हणजे त्याच्या धाटणीचं, कदाचित कितीतरी नंतरचं. ‘आफ्टर’ म्हणजे नक्कल. किमतीतला फरक दसपट असू शकतो.

बोली लावण्याआधी बेरीज करा

हातोडा पडला ती किंमत शेवटची नसते. समजा 200 पौंडांवर हातोडा पडला. खरेदीदाराचं कमिशन 25 टक्के धरलं तर 50 पौंड, त्या कमिशनवर 20 टक्के व्हॅट म्हणजे 10. ऑनलाइन मंचावरून बोली लावली आणि त्याचे 5 टक्के असतील तर आणखी 10, त्यावर व्हॅट 2. झाले 272. टपाल आणि विमा 25 धरा, म्हणजे जवळपास 300. आपली कमाल मर्यादा या शेवटच्या आकड्यावरून मागे मोजत ठरवा, कागदावर लिहा, आणि ती ओलांडली की बोली थांबवा. कमिशनचे दर प्रत्येक लिलावघराचे वेगळे, ते नियमावलीत आधी पाहा.

याशिवाय ब्रिटनमध्ये कलाकाराचा पुनर्विक्री हक्क आहे. कलाकाराच्या मृत्यूला 70 वर्षं झाली नसतील आणि किंमत 1,000 पौंडांच्या वर असेल तर 4 टक्क्यांपर्यंत रक्कम त्याच्या वारसांना जाते, आणि लिलावघरं ती सहसा खरेदीदाराकडून घेतात. पॉल नॅश 1946 मध्ये गेला, त्याला हा नियम लागत नाही. डंकन ग्रँट 1978 मध्ये गेला, त्याला लागतो.

कंडिशन रिपोर्ट, म्हणजे वस्तूच्या स्थितीचा अहवाल, नेहमी लेखी मागा. ‘वयाला साजेशी झीज’ एवढंच लिहून आलं तर पुन्हा विचारा: दुरुस्ती आहे का, चीर आहे का, झाकण मूळचं आहे का. नीट विचारलं की बहुतेक जण नीट सांगतात.

भारतात न्यायचं असेल तर

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या आणि ठरावीक किमतीच्या वरच्या वस्तूंना ब्रिटनबाहेर नेण्यासाठी परवाना लागतो. तैलचित्रांची मर्यादा इतकी वर आहे की सामान्य संग्राहकाला त्याची अडचण येत नाही, कप-बशांचा तर प्रश्नच नाही. भारतातल्या सीमाशुल्काचे दर मात्र पाठवण्याआधी एजंटाकडून ताजे करून घ्या. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. भारताच्या 1972 च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांचा निकष आहे. ओमेगाच्या काळातली वस्तू आज शंभरी ओलांडून गेली आहे. अशी वस्तू भारतात आणल्यावर पुन्हा बाहेर न्यायची वेळ आली तर ती नुकतीच परदेशातून आली होती हे दाखवावं लागेल. म्हणून आयातीची कागदपत्रं आणि लिलावाचं बिल वस्तू असेपर्यंत जपून ठेवा.

मुंबईतही शोध घेता येतो. चोरबाजारात आणि जुन्या घरांच्या सामानाच्या विक्रीत इंग्लिश चिनीमातीची भांडी येत असतात. बहुतेक साधी हॉटेलची किंवा गुलाबांच्या नक्षीची, पण प्रत्येक बशी उलटी करून पाहायला पैसे पडत नाहीत.

घरी आल्यावर

क्लिफ आणि कूपरची रंगवलेली भांडी डिशवॉशरमध्ये कधीही घालू नका, रंग झिलईच्या वर आहेत, काही धुण्यांत उतरतात. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ कापड, आणि बेसिनमध्ये तळाशी टॉवेल. जुन्या झिलईत शिसं असू शकतं, त्यामुळे रोजच्या जेवणाला ती वापरू नयेत, आणि लोणचं, कोशिंबीर, ताक यांसारखं आंबट तर त्यात अजिबात वाढू नये. प्लेटा एकमेकींवर रचायच्या असतील तर मधे कापडाचे किंवा फेल्टचे तुकडे घाला. भिंतीवर टांगायच्या तारेच्या स्प्रिंगवाल्या कड्या कडेवर सतत ताण देतात, त्यापेक्षा लाकडी स्टँड बरा.

छापचित्रांसाठी कोकणातला आणि मुंबईतला पावसाळा हा खरा शत्रू आहे. आम्लरहित पुठ्ठा आणि अल्ट्राव्हायोलेट रोखणारी काच वापरणारा फ्रेमवाला शोधा. चित्र काचेला चिकटता कामा नये, मधे पुठ्ठ्याची खिडकी हवीच. बाहेरच्या, ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगू नका, आणि आतल्या भिंतीवर टांगलं तरी फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावा म्हणजे हवा खेळते. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा फ्रेम उतरवून मागची बाजू पाहावी. बुरशीचा पहिला ठिपका दिसला तर स्वतः पुसू नका, कागद दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या.

एक वही ठेवा, किंवा संगणकावर तक्ता. प्रत्येक वस्तूसाठी खरेदीची तारीख, विक्रेता, हातोड्याची किंमत आणि एकूण खर्च, माप, पुढचा-मागचा फोटो, शिक्क्याचा फोटो, प्रत्येक टवका आणि चीर. विम्यासाठी हे लागतंच. शिवाय वर्षाअखेर ही वही चाळताना आपण कुठे वळतोय ते दिसतं. ज्या दोन-तीन वस्तूंकडे आता पाहावंसं वाटत नाही त्या त्याच लिलावघरात विकायला द्या, आणि येणाऱ्या पैशांत सूझी कूपरच्या दोन त्रिकुटांऐवजी एक चांगला केस्ट्रेल कॉफीपॉट घ्या. मात्र झाकण मूळचं आहे का, ते उचलून आतली कड आधी तपासा.